पहा : निवटी

पुरवणी खंडातले मासे माझ्याकडे आले
कारण कचेरीत बाकी कुणी ते खात नव्हतं.
संपादक म्हणाले, टिपणीसबाई, तुम्ही सीकेपी,
तुम्हाला नावं ठाऊक असणार.

नावं ठाऊक होती.
मासे नव्हते.

पणजोबा पेणहून बडोद्याला आले कारकुनीला.
शब्द सोबत आणले होते : मुडदुशी, तारली, शिंगाळी, निवटी.
दांडिया बाजारात समुद्र नव्हता.
भरूचहून, वेरावळहून बर्फात जे यायचं
त्याला आम्ही जुनी नावं चढवायचो,
थोरल्याचा सदरा धाकट्याला चढवावा तशी,
बाह्या दुमडून.

आता टेबलावर तीनशे बारा कार्डं.
वाम : एक समुद्रातली, एक नदीतली.
दोघी लांब, दोघी हातातून सटकणाऱ्या,
बाकी नातं काही नाही, गणसुद्धा वेगळे.
मी त्या कार्डाची दोन कार्डं केली.

उलटंही होतं.
मच्छीपीठाच्या कोपऱ्यावर रेवाबेन माछी सांगते,
गाभोळीनं भरलेली ती मोदण, नुसता तो पालवो.
मी म्हटलं, शास्त्रात दोघं एकच, जात एक, नाव एक.
ती सुरी पुसत म्हणाली,
मग तुझ्या शास्त्राला पाठव,
मोदणच्या भावात पालवो घेऊन जाऊ दे.

झरीन कॉन्ट्रॅक्टर निवृत्त झाल्या तरी
टाचणीनं पृष्ठपराचे काटे मोजतात, ओठ हलवत,
जपमाळ ओढल्यासारखे.
त्या म्हणाल्या, ह्याच माशाचं लॅटिन नाव बघ.
पहिला शब्द पंडितांनी पुन्हापुन्हा बदलला.
दुसरा टिकला. इलिशा.
तो लॅटिन नव्हेच,
गंगेकाठी कुण्या साहेबानं कोळ्याच्या तोंडून ऐकलेला.
मग चष्मा काढून हसल्या,
जणू हा विनोद त्यांनी नोकरीभर जपून ठेवला होता.

आणि मग अलिबागचं पत्र.
हरेश्वर नाखवा, पोस्टकार्ड, निळी शाई.
आपल्या मूळ खंडात निवटी विश्वामित्री नदीत राहते असे छापले आहे.
निवटी खाडीच्या चिखलावर उड्या मारते, मुळांवर चढते.
आपण सांगता तो खरबा. चूक दुरुस्त व्हावी.

मूळ खंड काढला.
नोंदीखाली बारीक टाइपात :
माहिती, शं. वि. टिपणीस, बडोदे.

रविवारी बाबा मला काळ्या घोड्याच्या पुलावर न्यायचे.
मगरी दिसायच्या, त्या सगळेच बघायचे.
बाबा मात्र काठाच्या उथळ पाण्यात बोट दाखवायचे :
ती बघ, निवटी.
वाळूच्याच रंगाचं काहीतरी, वाळूला पोट लावून.
मी विचारलं होतं, उडी कधी मारेल?
म्हणाले, थांब थोडं.
आम्ही बरंच थांबायचो.

नाखव्यांचं बरोबर आहे.
बाबांनी निवटी कधी पाहिलीच नव्हती.
त्यांच्या वडिलांनीही नसावी.

झरीनबाई दोन जाड पुस्तकं उघडून बसल्या,
एक जुनं, एक नवं.
जुन्यात खरबा आणि निवटी एकाच कुळात.
नव्यात कुळ फुटलेलं.
म्हणाल्या, तुझे बाबा चुकलेच,
पण फार लांब नाही गेले.

संध्याकाळी नोंद लिहिली.
निवटी, स्त्री. : खाडीच्या चिखलात राहणारा, उड्या मारणारा मासा.
शास्त्रीय नाव, नवं कुळ, काट्यांची संख्या,
सगळं नाखव्यांना पटेल असं.
त्याखाली एक ओळ :
२. (बडो.) नदीतला खरबा.

संक्षेपांच्या यादीत ‘बडो.’ नव्हतं.
बं. म्हणजे बंगाली, बहु. म्हणजे बहुवचन,
त्या दोघांच्या मधे जागा केली.

अलिबागला उत्तर टाकलं :
सप्रेम नमस्कार, दुरुस्ती केली आहे.
दुसऱ्या ओळीबद्दल
काही लिहिलं नाही.